बारक्याचा घास

दादा,

कावळा लगेच शिवला. नदीवर पान मांडलं, तुझा सुभाष हात जोडून मागं सरकतोय तोवर बाभळीवरून एक उतरला आणि थेट भातावर बसला. कुणाला काही बोलायची वेळच आली नाही. बाग नीट ठेवीन, भावकीत मिळून राहीन, अशी जी वचनं लोक अशा वेळी आठवून आठवून देतात, ती सगळ्यांच्या तोंडातच राहिली. भावकीतली माणसं म्हणाली, "अण्णांचं मन कशात अडकलं न्हवतं बघा. समाधानानं गेलं." आणि टोप्या सारख्या करून चहाला गेली.

मी मात्र तिथंच उभी राहिले. खरं सांगू, मला राग आला होता. तुझं मन कशात अडकलं नसेल, माझं अडकलंय. आपलं भांडण अर्ध्यावर आहे. उन्हाळ्यापासून चाललेलं भांडण, आणि तू असा न सांगता उठून गेलास. लहानपणी गोट्या खेळताना हरायला लागलास की आईनं हाक मारली म्हणून घरात पळायचास, तसंच केलंस. तेव्हा मी मागं धावत येऊन तुझा सदरा धरायचे. आता काय धरू?

म्हणून हे लिहितेय. जन्मभर अंगणवाडीत नोकरी केली, पण कामाशिवाय कागदाला कधी हात लावला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "कुसे, तोंडानं बोलून भागंना व्हय तुझं?" नाही भागत, दादा. ऐकायला तू नाहीस.

वहिनी गेल्या तेव्हा सुभाष पलटणीत होता, सूनबाई त्याच्याबरोबर क्वार्टरात. एवढ्या मोठ्या घरात तू एकटा. मी माधवनगरचं माझं घर बंद केलं आणि तासगावला आले. आमचे हे जाऊनही तोवर बरीच वर्षं झाली होती, मागं ओढणारं कुणी नव्हतं. लोकांना वाटलं, बहीण भावाला भाकरी करून घालायला आली. तुला आणि मला माहीत होतं की आपल्या दोघांनाही भांडायला हक्काचं माणूस पाहिजे होतं. चहात साखर किती इथून सकाळी सुरू व्हायचं ते टीव्हीचा आवाज किती इथपर्यंत पोचायचं. त्यात तू एक दिवस ते पिल्लू घेऊन आलास, आणि साखर नि टीव्ही दोन्ही मागं पडले.

बेदाण्याचा हंगाम नुकताच सरला होता. रॅक रिकामे झाले होते, जाळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या, कामाची माणसं आपापल्या गावी गेली होती. तू शेड झाकायला गेलास आणि शेजारच्या बंद शेडमधून तुला बारीक कुईकुई ऐकू आली. रॅकच्या पायाला नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं होतं ते. कुणी बांधलं, का तसंच सोडून गेलं, देव जाणे. दोरी मानेत रुतली होती. तू खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून ते घरी आणलंस आणि ओसरीवर माझ्यासमोर ठेवलंस.

"हे काय आणलंस?" मी म्हटलं.

"कुत्रं हाय."

"ते दिसतंय मला. जगणार आहे का हे?"

"ते तू सांगायचं. असलीच पोरं बघायची नोकरी न्हवती व्हय तुझी?"

आता यावर काय बोलायचं माणसानं! पण तू म्हणालास ते खरं होतं. असली पोरं मी पाहिली होती. फासळ्या वर आलेल्या, पाय काड्यांसारखे, पोट मात्र जंतांनी टम्म. अंगावरचे केस झडून कातडी लाल झालेली, कानांत गोचिडांचे घोस. आम्हा अंगणवाडीच्या बायांची एक रीत होती. मूल रडत असलं तर आम्ही घाबरायचो नाही. गप पडून नुसतं बघत असलं तर घाबरायचो. हे गप पडून बघत होतं. मी पदर खोचला आणि तुला म्हटलं, "नुसता उभा राहू नकोस, पाणी कोमट कर."

दुसऱ्या दिवशी आपण त्याला सांगलीला नेलं. ती जनावरांची डॉक्टरीण, तरणी पोरगी, तुला तर आधी ती शिकाऊच वाटली. तिनं चिमट्यानं एकेक गोचीड काढलं, मानेची जखम धुतली आणि आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, "थोडं थोडं, पातळ, आणि पुन्हा पुन्हा. पेज, दहीभात, उकडलेलं अंडं जरासं. उपाशी जिवाला एकदम पोटभर घालायचं नसतं, आजोबा. त्यानंच जातात." मी मान डोलावली, कारण हेच मी जन्मभर आयांना सांगत आले होते. तू मान डोलावली नाहीस. ते मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं.

अंड्याला आयुष्यात कधी न शिवलेला माणूस तू. अंगणात विटा मांडून वेगळी चूल केलीस, फुटकं भांडं शोधून काढलंस आणि म्हणालास, "घरातल्या भांड्यात न्हाई, सांगून ठिवतो." आठवडा झाला नसेल, तीच अंडी वहिनींच्या पातेल्यात, आतल्या गॅसवर उकडायला लागली. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, भरपूर बोलले, पण तू ऐकलं नाहीस.

वाटीतलं काही त्याला खाता येत नव्हतं. मान धरायचीच ताकद नव्हती. तू मांडी घालून बसायचास, बोटाला पेज लावून त्याच्या ओठांवर टेकवायचास आणि वाट बघायचास. ते जीभ बाहेर काढायचं, पुन्हा आत घ्यायचं, दमून डोळे मिटायचं. तू तसाच बसून. तुझ्यासारखा घाईचा माणूस, चहा गार व्हायची वाट न बघता बशीत ओतून पिणारा, एका बोटभर पेजेसाठी एवढा वेळ कसा बसायचास, मला कळायचं नाही. "खा रं गड्या," एवढंच म्हणायचास. त्यातून त्याला सवय लागली ती कायमची. पुढं चांगलं पळायला लागलं तरी पहिला घास हातातनंच पाहिजे. तो मिळाला की मग बाकीचं वाटीतलं आपलं आपण खायचं.

मी त्याला पिशवीत घालून काट्याला टांगायचे. तू रोज सकाळी विचारायचास, "काय म्हणतोय बारक्या? कुठल्या रेघंत?" आमच्या अंगणवाडीतल्या पोरांच्या वजनाच्या तक्त्यात लाल, पिवळी, हिरवी अशा रेघा असायच्या ते तुला मीच कधीतरी सांगितलं होतं. मी म्हणायचे, "लालमधीच." तुझं तोंड उतरायचं. "आगं, घालतीस का त्याला ह्येवढंसं? चिमणीचं बी भागायचं न्हाई ह्यात." मी म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. तू म्हणायचास, "डॉक्टर काय रोज बघायला येतीया व्हय?" हे भांडण रोजचं होतं. तू त्यातून एक दिवस परस्पर वाट काढलीस.

आणि ती वाट कुठून आली, हेही मला माहीत आहे. मी लहान असताना विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते, आठवतं ना? ताप उतरला, पण अंगात उभं राहायची ताकद नव्हती. आई-बाबा रानात. तू बेदाणे भिजत घालायचास, कुस्करायचास, फडक्यातून गाळायचास आणि ते गोड पाणी चमच्या-चमच्यानं मला पाजायचास. मी तोंड फिरवलं की म्हणायचास, "पी गं, पळायचं न्हाई व्हय तुला?" मी त्या पाण्यावर उभी राहिले, असं आई सगळ्या गावाला सांगायची. आपल्याकडं अशक्त पोर असो, बाळंतीण असो, आजारातून उठलेला म्हातारा असो, पहिला हात बेदाण्याच्या डब्याकडं जातो. मी स्वतः किती आयांना सांगितलंय, पोराच्या हातावर चार बेदाणे ठेवत जा. द्राक्षाच्या मुलखात दुसरं कोण काय सांगणार?

तर त्या दिवशी मी घरात दुपारची पडले असताना तू डबा उघडलास. तुझ्याच शेडवरचा, हिरवा, लांब, एक नंबरचा माल. भिजवलास, कुस्करलास. या वेळी गाळला मात्र नाहीस, कारण सालीतच ताकद असते असं तुझं म्हणणं. आणि बारक्याला भरवलंस. त्यानं ते पेजेपेक्षा आवडीनं खाल्लं असणार. तुला किती बरं वाटलं असेल, दादा. ते मी पाहिलं नाही, पण मला दिसतं.

संध्याकाळपासून ते ओकायला लागलं. मी फरशी पुसायला वाकले तर त्यात फुगलेले बेदाणे. मी काही विचारायच्या आत तूच म्हणालास, "म्या दिलंय. पचायला जड गेलं आसंल." तेव्हा तुलाही भीती नव्हती आणि मलाही नव्हती. सकाळी ते उठेना. नाक कोरडं पडलं होतं. आणि कालपासून मुतलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं?" तू ताठ मानेनं सांगितलंस, "बेदाणं. आमच्याच शेडवरचं, एक नंबर माल." ती हातमोजे चढवता चढवता म्हणाली, "आजोबा, द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष असतं. मूत्रपिंडं जातात."

तुझा चेहरा मी विसरू शकत नाही. तू तिच्यावर चिडशील असं मला वाटलं. तू म्हणालास, "बेदाणा?" एवढंच. तिनं मान हलवली. ज्या वेलाखाली जन्म काढला, ज्याच्यावर घर बांधलं, पोरगा शिकवला, ज्याच्या पाण्यावर मी उभी राहिले, त्याला ती पोर विष म्हणत होती. आणि समोर टेबलावर ते पडलं होतं.

मी घाईघाईनं म्हटलं, "दुधानं बी झालं असंल, डॉक्टर. काल दूध जरा आंबूस होतं." तू माझ्याकडं वळलास. "कुसे," म्हणालास, "अंगणवाडीत बी बायकांला असंच खोटं सांगत हुतीस व्हय?"

आपलं भांडण तिथं सुरू झालं, दादा. मी तुला बरं वाटावं म्हणून बोलले, आणि तुला नेमकं तेच नको होतं.

सलाइन लावायचं तर पिल्लाची शीर दोऱ्याएवढी. जरा हललं की सुई निसटायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणीतरी मांडीवर घेऊन बसावं लागेल, हलू न देता. तू खाली भिंतीला टेकून बसलास आणि हात पुढं केलेस. तो दिवस बसलास, दुसराही बसलास. मी आणलेली भाकरी तशीच राहिली. पाय आखडला तरी लांब केला नाहीस. तुझ्या गुडघ्याचं दुखणं मला माहीत, त्यामुळं बघवत नव्हतं. मी म्हटलं, "दे इकडं, मी बसते थोडा वेळ." तू नुसती मान हलवलीस. डॉक्टरीणबाई येता-जाता एकच विचारायच्या, "केली का लघवी?" आपण दोघं म्हणायचो, नाही. मग त्या बाटली बघून जायच्या. आपला सगळ्यांचा जीव त्या एका गोष्टीवर टांगणीला लागला होता.

आणि मग तू ओरडलास. "मुतलं! कुसे, मुतलं गं!" पांढऱ्याशुभ्र धोतरावर हा मोठा पिवळा डाग, आणि तू तो सगळ्या दवाखान्याला दाखवतोयस. मांजर घेऊन बसलेली एक बाई दचकून उठली. डॉक्टरीणबाई पळत आल्या आणि हसायला लागल्या. मीही हसले आणि मग मला रडू आलं. तू मात्र हसता हसता एकदम थांबलास आणि पिल्लाच्या डोक्यावरचा हात काढून घेतलास. ते कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

घरी आल्यावर तू त्याचं सगळं केलंस. गोणपाट धुतलंस, औषध उगाळलंस, दहीभात कालवलास. वाटी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "तू घाल. माझ्या हाताला येश न्हाई."

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. तू विसरला नाहीस. बारक्या भरत गेला. केस आले, तांबूस, मऊ. लालमधून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात. भुंकायला शिकला आणि पहिल्यांदा कुणावर भुंकला तर फोनातल्या सुभाषच्या आवाजावर. तुझ्या मागं मागं बागेत फिरायला लागला, ट्रॅक्टरवर तुझ्या पायाशी बसायला लागला. पण खायची वेळ झाली की तू वाटी तयार करून मला हाक मारायचास. ते बिचारं वाटीकडं न बघता तुझ्या हाताकडं बघायचं. पहिला घास हातातनं घ्यायची सवय तूच लावलेली ना! तू हात मागं घ्यायचास, धोतराला पुसायचास आणि लांब जाऊन उभा राहायचास.

मी काय काय नाही केलं. खायच्या वेळेला मुद्दाम शेजारच्यांकडं जाऊन बसले, तर तू रस्त्यावर उभा राहून हाका मारायला लागलास, "कुसे, बारक्या उपाशी हाय!" सगळी आळी हसली. माधवनगरला घर झाडायला म्हणून गेले आणि मुद्दाम मुक्काम केला, तर तू शेजारच्या सुनेला बोलावून भरवायला लावलंस. परत आल्यावर मी चिडले. "एवढं काय लावून घेतलंयस?" म्हटलं. तू म्हणालास, "तुला न्हाई कळायचं."

लोकांनीही तुला समजावलं. सुभाष फोनवर म्हणाला, "अण्णा, तुम्हाला कुठं माहीत होतं?" भावकीतले म्हणाले, "कुत्र्याची जात, त्याला बेदाणा काय आन् दगड काय, त्याचं आधीच भरलं हुतं." तू ऐकून घ्यायचास आणि कुणी गेलं की म्हणायचास, "सगळी खोटी बोलत्यात." त्यात मीही आले. तुला कुणीतरी खरं बोलायला पाहिजे होतं, आणि खरं म्हणजे नक्की काय, ते मलाही सापडत नव्हतं.

एक गोष्ट मात्र तू केलीस, ती आठवली की मला आजही हसू येतं. तू शेडोशेडी फिरलास. ओळखीच्या, बिनओळखीच्या. म्हणायचास, "खाली सांडलेला माल झाडून घ्या रं, कुत्र्याच्या तोंडाला लागू दिऊ नका. त्यास्नी इख हाय ते." बाजारपेठेतल्या चहाच्या गाड्यावर, व्यापारी बसलेले असताना, हेच मोठ्यानं सांगितलंस. एक व्यापारी कळवळून म्हणाला, "अण्णा, जरा हळू. बेदाणा इख हाय म्हणून तुमीच बोंब मारल्यावर माल कोण घ्यायचं?" तू म्हणालास, "माणसाला न्हाई रं, कुत्र्याला." तो म्हणाला, "लांबनं ऐकणाऱ्याला काय कळतंय?" तू घरी येऊन मला सांगितलंस आणि आपण दोघं पोट धरून हसलो. त्या दिवशी वाटलं, आता सुटलं हे. पण संध्याकाळी वाटी पुन्हा माझ्याच हातात.

गणपती झाले. ऑक्टोबरच्या छाटणीची तयारी सुरू झाली. तू माणसं ठरवत होतास, कात्र्यांना धार लावून घेत होतास. त्या दिवशी दुपारी बागेतून आलास, ओसरीवर टेकलास आणि म्हणालास, "कुसे, छातीत जळजळ व्हायलीया. लिंबूपाणी दे." मी लिंबू चिरला. तोवर तू घामानं भिजला होतास. शेजारच्यांनी गाडी काढली. सांगलीच्या रस्त्याला लागलो, माझ्या मांडीवर तुझं डोकं. माधवनगरच्या अलीकडं तू एकदा डोळे उघडून बघितलंस, आणि मग काही नाही. दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी सांगितलं ते मला गाडीतच कळलं होतं.

मला तुझी लय आठवण येते, दादा. चहात साखर आता मी हवी तेवढी घालते, कुणी बोलत नाही. चहा गोड लागत नाही.

बारक्या तुझ्या बागेतल्या चपला ओढून ओसरीवर आणतो. त्या तिथं असल्या की तू घरात असतोस, असं त्याला वाटत असणार. सुभाषनं विचारलं, "आत्या, कुत्र्याचं काय करायचं? माझ्या इथं एकाजणाला पाहिजे आहे." मी म्हटलं, "आधी माझं काय करायचं ते विचार, मग कुत्र्याचं." पोरगं शरमलं बिचारं. मी तासगावलाच राहणार आहे. छाटणी होईल, सुभाष सुट्टी वाढवून घेतोय. बागेची काळजी करू नकोस.

आता ते अर्धं राहिलेलं. मला हे बोलायला उशीर झाला, पण बोलते. दादा, बारक्या तुझ्यामुळंच मरायला टेकला होता. दुधानं नाही, नशिबानं नाही, तुझ्या हातानं. तू म्हणत होतास ते खरं होतं आणि आम्ही सगळे खोटं बोलत होतो. आणि तो जगला तोही तुझ्यामुळंच. डॉक्टरणीच्या सलाइननं नाही नुसतं, तुझ्या न हललेल्या मांडीनं. त्याआधी तुझ्या बोटावरच्या पेजेनं. हे दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही. एवढं साधं वाक्य माझ्या तोंडात त्या दवाखान्यात आलं असतं, तर तुझे एवढे महिने त्या वाटीपासून लांब उभं राहण्यात गेले नसते.

पण अजून एक आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सुभाषलाही नाही.

ज्या दिवशी तू गेलास, त्या सकाळची गोष्ट. मी न्हाणीत होते. तू बाहेरून हाक मारलीस, "कुसे, वाटी तयार हाय." मी म्हटलं, "आले." केस धुवायला काढले होते, वेळ लागला. तू पुन्हा हाक मारलीस. मग मारली नाहीस. मी केसांना पंचा गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथंच थांबले.

बारक्या तुझ्या पायावर डोकं ठेवून पडला होता. वाटी त्याच्या नाकासमोर आणि तो तिच्याकडं बघत नव्हता. तू इकडं बघितलंस, तिकडं बघितलंस, एखाद्या चोरासारखं. मग गुडघा धरत धरत खाली बसलास. दही-भाकरीचा एक घास केलास. तो दोन बोटांत मोडलास, चाचपलास, उजेडाकडं धरून बघितलास, पुन्हा चाचपलास. दही नि भाकरीशिवाय त्यात काही असणार नव्हतं, तूच कालवली होतीस. तरी बघितलंस. मग हात पुढं केलास.

बारक्यानं तो घास घेतला. तू श्वास रोखून त्याच्याकडं बघत राहिलास. काही झालं नाही. तो शेपूट हलवत पुन्हा तुझ्या हाताकडं बघायला लागला. तू दुसरा घास केलास, तोही चाचपून. "खा रं गड्या," म्हणालास. नंतर नंतर चाचपणं कमी झालं. वाटीतलं सगळं तू हातानंच भरवलंस.

मी पुढं आले असते, बोलले असते, तर तू लाजून उठला असतास. म्हणून मागं सरकले. मनात म्हटलं, दुपारी जेवताना याला धरते, चांगला चिडवते. दुपारी जेवण झालंच नाही.

दारातनं बघितलं मी, दादा. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, सगळं बघितलं.